दामल्यांची प्रदक्षिणा

"दामल्यांचं आता काही खरं नाही हो. आयर्लंडात त्या दगडी क्रूसाला प्रदक्षिणा घालत सुटले, मध्येच वाट विसरून थांबायचे, तिथल्या एका बाईनं येऊन हाकललं, अख्खी बस त्यांच्यापायी खोळंबली. आणि कहर म्हणजे, वाऱ्याची झुळूक नाही, हातात छत्री उघडी, तरी माणूस चिंब! आता यावरून काय ते समजा."

हे निवेदन आमच्या ज्येष्ठ मराठी मंडळाचे चिटणीस श्री. पाध्ये यांचे. सहलीहून परतल्यापासून, दक्षिण गोलार्धातल्या आमच्या या देशात, पुकेकोहे ते ओटाहुहू या गावांच्या पट्ट्यातील प्रत्येक मराठी घरात ते चहाबरोबर हे निवेदन सोडून येतात. मी साताऱ्याच्या न्यायालयात हयात घालवली आहे. पढवलेली साक्ष मला वासावरून कळते. ते छत्रीचे वाक्य सोडले तर या निवेदनात एक वाक्य धड खरे नाही, आणि त्या छत्रीच्या वाक्याचा समाचारही मी घेणार आहे. मी दामल्यांच्या बरोबर होतो. पाध्ये बसमध्ये होते.

एरवी मी दुर्लक्ष केले असते. परंतु हे निवेदन टौरंगाला पोहोचले. तेथे दामल्यांचा मुलगा अमेय बंदरात नोकरीला आहे. बापाचे पुकेकोहेचे घर आवरून त्याला टौरंगाला न्यायचे, त्याच्या मोटारीची किल्ली काढून घ्यायची, असे त्याने ठरवले, आणि त्यासाठी तो रविवारी येऊन दाखल झाला. तेव्हा गप्प बसणे मला शक्य नव्हते.

दामले म्हणजे पाटबंधारे खात्यातले निवृत्त अभियंता. त्यांनी बांधलेल्या धरणातून आजही एक थेंब गळत नाही. हे ते स्वतः कधी सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो. उंच, किंचित वाकलेले, बारा महिने तोच तपकिरी लोकरी कोट. दगड दिसला की बोटाच्या पेराने ठोकून पाहायचा आणि समाधान झाले तर "बसलाय बरं का!" असे प्रमाणपत्र द्यायचे, ही त्यांची पहिली खोड. दुसरी म्हणजे प्रदक्षिणा. जी वस्तू आपल्याहून जुनी, तिला उजव्या हाताला ठेवून एक फेरा घातल्याशिवाय ती बघितली असे म्हणता येत नाही, हा त्यांचा सिद्धांत आहे. "समोरून काय, कुणीही चांगलं दिसतं वकीलसाहेब. बांधकाम मागून बघावं."

त्यामुळे इथले युद्धस्मारक, जुने लाकडी चर्च, पोहुतुकावाचे थोरले झाड, कोणीच सुटलेले नाही. कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला जाताना ते आधी दुकानाला फेरा घालत. पंजाबी मालक पहिल्यांदा पोलिसांना फोन करणार होता. आता तो आतूनच इथल्या रीतीचा नमस्कार ठोकून ओरडतो, "किआ ओरा, अंकल! मागची भिंत ठीक आहे ना?" त्या भिंतीची भेग दामल्यांनीच दाखवली होती.

या फेऱ्यांत कुसुमवहिनी नेहमी त्यांच्या डाव्या हाताला असत, म्हणजे बाहेरच्या बाजूने. गुडघा अधू, पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, आणि तोंडाने तक्रार: "आतून स्वतः चालतात, मला बाहेरून चालवतात. माझा फेरा मोठा होतो, हे इंजिनिअरला कळू नये?" यावर दामले प्रत्येक वळणावर थांबत, मान वळवून पाहत आणि म्हणत, "घाई कुणाला आहे?" वहिनी गाठत, मग दोघे पुढे. गेल्या हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जुलैत, वहिनी गेल्या. दामल्यांनी फेरे सोडले नाहीत.

सहलीला ते यायला तयार नव्हते. आयर्लंडला जायची हौस वहिनींची. शेजारची आयरिश म्हातारी त्यांना तिथल्या दगडी क्रूसांच्या गोष्टी सांगे, आणि "एकदा बघून येऊ" असे वहिनींनी ठरवून टाकले होते. शेवटी मीच त्यांचे नाव मंडळाकडे दिले आणि पाध्यांनी, सवयीने, हरकत घेतली.

त्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. सरळ, बारीक, न थांबणारा. वारा मात्र खरोखर नव्हता. आम्ही पाहायला गेलो तो मठ फार जुना. छप्पर केव्हाच गेलेली लहान लहान देवळे, एक उंच गोल मनोरा, वर कावळ्यांचा गलका, आणि गवतात कललेल्या थडग्यांच्या मधोमध तो क्रूस: दीड-दोन पुरुष उंच, चार बाहूंना जोडणारे दगडाचे कडे, आणि अंगावर इतकी झिजलेली चित्रे की संत कोणते आणि सिंह कोणते हे पाहणाऱ्याच्या श्रद्धेवर सोडलेले. आमच्या मंडळींनी बसमधून भराभर उतरून फोटो काढले आणि "सगळं सेमच आहे" असा निकाल देऊन चहाकडे मोर्चा वळवला. पाध्ये उतरलेच नाहीत. त्यांच्या बुटांना चिखल लागला असता; परतताना आपल्या विमानतळावर बूट तपासतात, ही त्यांची सबब.

दामल्यांनी क्रूसाच्या पायथ्याला पेर ठोकले. "बसलाय. वकीलसाहेब, हजार वर्षांवर झाली असतील, सांधा हलला नाही. यांना सिमेंट ठाऊक नव्हतं म्हणून टिकलं." त्यांच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता तो आपल्या खात्यातील सहकाऱ्याचे काम पाहणाऱ्याचा होता. मग त्यांनी छत्री उघडली, क्रूस उजव्या हाताला घेतला आणि चालू लागले. मी मनोऱ्याच्या आडोशाला उभा राहिलो.

आता त्या बाईविषयी. हिरवा रेनकोट, हातात काठी, मागे एक ओला कुत्रा. ती लगबगीने आली हे खरे. तिने काठी उचलली हेही खरे. पाध्यांनी ते बसच्या धुरकट काचेतून पाहिले असणार. परंतु ती काय बोलली ते काचेतून ऐकू येत नाही. ती म्हणाली, "तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"कुणी म्हणजे? आमच्याकडे असंच करतात," दामले म्हणाले.

"माझी आई असंच करायची. सूर्य जातो तसं, डावीकडून उजवीकडे. हल्ली कुणी करत नाही, नुसते फोटो काढतात. पण तुम्ही चुकीच्या ठिकाणाहून सुरुवात केलीत!" आणि काठीने तिने झिजलेली एक फरशी दाखवली. सुरुवात तिथून.

दामले माझ्याकडे वळून ओरडले, "अहो, ऐकलंत का? यांच्यातही उजवी बाजूच!" आणि त्या फरशीवरून त्यांनी नव्याने आरंभ केला. पुढे ती, मागे हे, सर्वांत मागे कुत्रा. अशी मिरवणूक मी जन्मात पाहिली नव्हती. जो रिवाज तिथल्याच गावचे लोक विसरले होते तो आमच्या पुकेकोहेच्या माणसाने कोणी न सांगता पाळला, आणि मंडळाचा चिटणीस त्याला वेड म्हणतो!

बस खोळंबली ती पाध्यांमुळे. आम्ही परतलो तेव्हा ते, एकदाचे बसमधून उतरून, फाटकाजवळच्या दुकानात फ्रिजला लावायचे क्रूस निवडत होते. चालकाने त्यांच्याच नावाने हॉर्न वाजवला.

हे सारे मी रविवारी अमेयसमोर, दामले मागे परसात टोमॅटोंना पाणी घालत असताना, क्रमाने मांडले. मुलगा वाईट नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

"काका, बाईचं समजलं. बसचंही समजलं. पण ते मध्येच थांबतात. स्वतःशी बोलतात. पाध्येकाका म्हणाले, प्रत्येक वळणावर थांबून मागं बघत होते आणि काहीतरी पुटपुटत होते. डॉक्टर विचारतात तेच हे. मला हीप्स, खूप खूप टेन्शन येतं हो. आईला मी शेवटी भेटू शकलो नाही, बाबांना तरी..."

"काय पुटपुटत होते, हे पाध्यांनी सांगितलं?"

"नाही."

"मी ऐकलं आहे. 'घाई कुणाला आहे?' असं म्हणत होते."

अमेय खुर्चीतून उठला. त्याने खिडकीतून परसाकडे पाहिले. दामले टोमॅटोच्या वाफ्याच्या टोकाशी थांबले होते.

"आणि ती छत्री?" तो म्हणाला. आवाज बदलला होता, पण एखाद्या वकिलाच्या मुलाला शोभावे तसा तो प्रश्न सोडत नव्हता. "वारा नव्हता, छत्री उघडी होती. तरी ते भिजले. हे तर खरं ना?"

"खरं आहे. ते एकच वाक्य मी मान्य केलं आहे."

त्या संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीत दामल्यांचा तो तपकिरी कोट मी स्वतः हीटरवर वाळत घातला होता. उजवी बाही पिळली तर बेसिनमध्ये धार लागली. उजवा खांदा अस्तरापर्यंत भिजला होता. डावा, म्हणजे फेऱ्यात बाहेरच्या बाजूचा, खांदा आणि डावी बाही, मनगटापर्यंत, कोरडी होती.