ऑरिनची गोळी

अमेरिकेत आयडाहोतल्या ऑरिन हॅस्केलने या हंगामात रिव्हॉल्वरने एल्क मारायचं ठरवलं. एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण. त्याला चुकीच्या गोळीने मारणं अनैतिक आहे, असं ऑरिनच्या शिकारी मंडळाचं अधिकृत धोरण होतं. त्यामुळे आधी गोळी निवडणं क्रमप्राप्त झालं.

मंडळात दोन पक्ष होते. एकाला कडक शिशाची, आरपार जाणारी गोळी हवी होती. दुसऱ्याला पोकळ टोकाची, आत शिरून फुलणारी. हे लोक एकमेकांच्या मुलांच्या लग्नालाही जात नसत. ऑरिनने दोघांचंही मनापासून ऐकलं. दुकानातली तयार काडतुसं त्याला कमीपणाची वाटत. गॅरेजमध्ये बसून तो बंदुकीची दारू कणाकणाने तोलून स्वतः काडतुसं भरी. मग भिजवलेल्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर हातभर अंतरावरून बार काढी आणि गोळी कुठवर शिरली ते बघत बसे. उन्हाळा असा सत्कारणी लागला.

"नेमाचा सराव कधी करणार आहेस?" बायकोने, लव्होनने, विचारलं.

"आधी गोळी तर ठरू दे. भलत्याच गोळीवर हात बसला म्हणजे?"

शेवटी पोकळ टोकाची गोळी ठरली तोवर हंगाम उघडला. पहिल्याच सकाळी दोघं नवरा-बायको जंगलात असताना पाइनच्या झाडीतून एक मोठा नर समोर आला. ऑरिनने बार काढला आणि जनावर लंगडत झाडीत शिरलं. बर्फावर रक्ताचे थेंब राहिले.

"चल, माग काढू," लव्होन म्हणाली.

"तू हो पुढे. मंडळाला कळवायला हवं. इतकी पारखून घेतलेली गोळी दगा देते म्हणजे काय?"

त्याच दुपारी मंडळाची तातडीची बैठक भरली. कोणी म्हणालं, दारू थंडीने मंदावली; कोणी म्हणालं, शिसं मऊ पडलं. प्रत्येक मत आदराने ऐकून घेण्यात आलं. 'नेम' हा शब्द कोणी काढला नाही. सभ्य माणसं होती. ऑरिनला हळूहळू बरं वाटू लागलं.

संध्याकाळी लव्होन बैठकीच्या दारात उभी राहिली. बाह्या रक्ताने माखलेल्या, खांद्याला वडिलांची जुनी रायफल.

"ओढ्यात पडला होता. दिवसभर फरपटत गेला बिचारा. मी रायफलने सोडवला त्याला."

अध्यक्ष क्लेटनने टोपी काढली.

"माझी गोळी कुठे लागली होती?" ऑरिनने खाली बघत विचारलं.

"मागच्या पायाला."

क्लेटनने घसा खाकरला. "लव्होन, राग मानू नकोस. पण... फुलली होती का?"

दोन्ही पक्ष खुर्च्यांत पुढे सरकले. ऑरिनही सरकला. लव्होनने एकेकाकडे पाहिलं आणि ती निघून गेली.

उत्तराअभावी चौकशी अजून चालू आहे. गोळी फुलली की नाही, हे आता तुम्हालाही जाणून घ्यायचं असेल, तर मंडळाचं सभासदत्व सर्वांना खुलं आहे.