आप्पांची लाईन क्लीअर

विश्वनाथआप्पा कोणाला "कसं काय?" असं विचारत नाहीत. ते सरळ दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळतात. मानवतला भाच्याच्या लग्नात अक्षता पडायला दहा मिनिटं असताना त्यांनी नवरीच्या बापाला खुर्चीवर बसवून पट्टा आवळला होता. बँड थांबला, लग्न लावणारे स्वामी थांबले. आप्पा कानातली नळी काढून म्हणाले, "अप एकशे सत्तर, डाऊन एकशे चार. ही गाडी आउटरलाच थांबवा." त्या माणसाला स्वतःच्या मुलीच्या लग्नात पापड-लोणचं मिळालं नाही.

आप्पा पूर्णा जंक्शनला सिग्नलच्या केबिनमध्ये होते. रिटायर झाले, पण केबिन त्यांच्यातून गेली नाही. बीपीचा वरचा आकडा म्हणजे अप, खालचा म्हणजे डाऊन. दोन्ही नीट असले की "लाईन क्लीअर". मोजण्याआधी पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकवायची, पाय जमिनीवर ठेवायचे. चहा पिऊन आलेल्याला परत पाठवतात. आमच्या वॉर्डातला पुढारी पाच मिनिटं गप्प बसलेला मी फक्त आप्पांच्या ओसरीवर पाहिलाय.

ते स्वतः एकतिसाव्या वर्षापासून रोज एक गोळी घेतात. सकाळी इष्टलिंगाची पूजा, मग गोळी, मग चहा. हा क्रम पस्तीस वर्षांत चुकलेला नाही. एकतीस म्हणजे काय वय झालं? ना डोकं दुखत होतं, ना चक्कर येत होती. रेल्वेच्या मेडिकल तपासणीत बीपी सापडलं, एवढंच. साहेबांनी काही दिवस केबिनमधून काढून हलक्या कामावर बसवलं आणि सोबतचे लोक त्यांना "म्हातारं" म्हणू लागले.

माझा या जन्माच्या गोळीला आक्षेप होता, आणि मी आक्षेप छापून वाटतो. आमच्या युवक गटाचं पत्रक मीच लिहिलं, 'गोळी की गुलामी?' धडधाकट तरुणाला जन्माचा रोगी करणारा हा धंदा आहे, असं त्यात तीन उद्गारचिन्हं देऊन म्हटलं होतं. उदाहरण आप्पांचं दिलं. नाव घातलं नव्हतं, पण पस्तीस वर्षं गोळी खाणारा रेल्वेवाला म्हटल्यावर पूर्ण्यात नाव कशाला लागतं?

दुसऱ्या दिवशी आप्पा दारात. मी भांडणाच्या तयारीनं बाहेर आलो.

"लीडर, अजून वीसेक दे."

"वाटणार आहात?"

"न्हाई रे. मागची बाजू कोरी हाय. रीडिंगं लिवायला लय बरी पडायलीत."

मग त्यांनी माझ्याच पायरीवर मला बसवलं आणि पट्टा काढला. एकशे अठ्ठावन्न, एकशे दोन. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं. सात दिवस मोजलं. सातही दिवसांचे आकडे माझ्याच पत्रकाच्या पाठीवर लिहून माझ्यापुढे धरले.

"वय किती तुझं?"

"एकोणतीस."

"म्हंजे तू माझ्या दोन टेसन आधीच आलास. डाक्टरला दाखव. गोळी सुरू कर."

"मला काही होत नाही, आप्पा."

"मला बी काय होत नव्हतं."

"जन्मभर गोळी खाऊन किडनी जाते."

"कुठं लिवलंय?"

"पत्रकात."

"पत्रक कोन लिवलं?"

मी विषय बदलायला लागलो, पण आप्पा रुळावरून हटले नाहीत. "चल परभनीला. माझी समदी तपासनी कर. पस्तीस वर्सं गोळी खाल्लेला मानूस तुला आख्ख्या पूर्न्यात दुसरा भेटायचा न्हाई. किडनी गेली असंल तर पत्रकावर माझा फोटो छाप. न्हाई गेली, तर तू गोळी घ्यायची. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो. मला खात्रीच होती.

परभणीला रक्त झालं, लघवी झाली, डोळ्यांचा पडदा बघून झाला, हृदयाची सोनोग्राफी झाली. आप्पा आत गेले की मी बाहेर बाकड्यावर. तिथं बसल्यावर लक्षात आलं, की मला जिंकायचंय. म्हणजे आमच्या गल्लीतल्या सहासष्ट वर्षांच्या माणसाची किडनी गेलेली निघावी, अशी मी वाट बघतोय. त्यानंतर मात्र मला हरायची घाई झाली.

डॉक्टरीणबाईंनी कागद चाळले. "किडनी चांगली आहे. डोळे चांगले. हृदयाची भिंतही जाड झालेली नाही. मधे एका गोळीनं पाय सुजले होते म्हणता, ती बदललीच आहे. तुम्ही लवकर सुरुवात केलीत, त्याचं हे सगळं. दाब वर्षानुवर्षं तसाच चढा राहिला की भिंत जाड होते, किडनी झिजते. तोवर काही दुखत नाही. मग गोळी घेतली तर पुढचं नुकसान थांबतं, पण झालेलं सगळं भरून येईलच असं नाही."

मी तावातावानं म्हणालो, "मग हे लोकांना कुणी सांगत का नाही?"

"मी रोज सांगते. लोक पत्रकं वाचतात."

माझं बीपी त्यांनीही मोजलं, सात दिवसांचे आकडे पाहिले, काही तपासण्या लिहिल्या, मीठ कमी करायला सांगितलं आणि गोळी लिहून दिली.

परतीच्या गाडीत मी टोमण्यांची वाट बघत होतो. आप्पा खिडकीतून सिग्नल बघत होते. पूर्ण्याला उतरल्यावर घराकडं न वळता ते स्टेशनामागच्या गल्लीत शिरले. रोज संध्याकाळी ते इकडं जातात हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. पत्ते खेळायला जातात, असा आमचा समज.

खाटेवर एक म्हातारा पडलेला होता. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. "हे रसूलभाई," आप्पा म्हणाले. "मी अन् ह्यो एकाच केबिनीत."

मग पट्टा उलगडता उलगडता, माझ्याकडं न बघता सांगू लागले. "माझं मेडिकल फेल झालेलं ह्यानं बघितलं. बीपी ह्याला बी होतं. म्हनला, आप्पा, मला म्हातारं नगं करू. दर मेडिकलच्या आधी चार दिवस माझ्या गोळ्या न्यायचा. पास झाला की बंद. मीच देत व्हतो. दोस्तीत. दर बारीला पास." पट्टा रसूलभाईंच्या डाव्या दंडावर नीट बसला. "अठ्ठेचाळिसाव्या वर्सी ड्युटीवरच पडला."

पाच मिनिटं तिघंही गप्प होतो. मग आप्पांनी हवा भरली, सोडली. "अप एकशे अठ्ठावीस, डाऊन अठ्ठ्याहत्तर. रसूल, लाईन क्लीअर." पट्टा सुटताच रसूलभाईंनी डावा हात सावकाश उचलला आणि हिरवा झेंडा दाखवावा तसा धरून ठेवला. आप्पांनी गोळी त्यांच्या जिभेवर ठेवली, हनुवटीखाली टॉवेल धरून पाणी पाजलं.

"आता तू बस," मला म्हणाले.

माझे आकडे आप्पांनी मोठ्यानं वाचले. रसूलभाई माझ्याकडं बघत राहिले. त्यांचा हात चादरीवरच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिली गोळी घेतली.

गुरगुरायचं मी सोडलेलं नाही. आता मागणी वेगळी आहे. दवाखान्यातून चार दिवसांच्या गोळ्या देऊन पिटाळू नका, महिनाभराच्या द्या. या मागणीचं पत्रक दोन्ही बाजूंनी छापलंय. आप्पा चिडलेत, "आता लिवू कशावर?"

दीड महिन्यानं त्या खाटेशेजारी पुन्हा पाच मिनिटं गप्प बसलो, मग माझ्या दंडाला पट्टा बसला. "अप एकशे चोवीस, डाऊन ऐंशी," आप्पा म्हणाले आणि थांबले. पुढचं ते बोललेच नाहीत, नुसते रसूलभाईंकडं बघत राहिले. रसूलभाईंनी हात उचलला.