नेमाण्णांचा जामीन

नेमाण्णांनी एकदा माझी छत्री मागून नेली आणि तिच्या बदल्यात डाव्या पायातलं पायताण माझ्या उंबऱ्यात काढून ठेवलं. "अहो अण्णा, भिंतीला भिंत लागून राहतो आपण, हे कशाला?" तर म्हणाले, "मान्साचा काय भरवसा रं? जामीन असावा." आणि डोक्यावर छत्री धरून, एक पाय पायताणात नि दुसरा तापल्या फुफाट्यात टाकत, ऐटीत निघून गेले.

निपाणीत सगळे त्यांना ओळखून होते. बस्तीतले, म्हणजे जैन मंदिरातले, उपाध्ये उपासाचं पुण्य सांगू लागले, की हे मधेच विचारत, "व्हय, पर त्या पुन्याला जामीन कोन?" बायको वारलेली, मूलबाळ नाही. घरात दोन बैल आणि हे. बैलांवर मात्र ते बिनजामिनाचा विश्वास टाकत.

अशा माणसावर त्याच्या धाकट्या भावानं, बाळगोंडानं, बांधाकडच्या शेतातल्या वाटणीसाठी दावा लावला. बाळगोंडा लग्न झाल्यापासून सासुरवाडीला, सरहद्दीपलीकडे संस्थानात राहायचा. नेमाण्णांचे वकील म्हणजे माझे मालक. मी त्यांचा कारकून. मालक म्हणाले, "वादी इंग्रजी मुलखाबाहेर राहतो. दावा हरला तर तुमचा खर्च कुणाकडून वसूल करणार? कोर्टाकडे जामीन मागू या."

नेमाण्णा उडालेच. "म्हंजे सरकारबी माझ्याच मताचं हाय की!"

अर्ज सुनावणीला निघाला तेव्हा बाळगोंडा मुन्सफसाहेबांना हात जोडून म्हणाला, "साहेब, मी गरीब मानूस." साहेबांनी समजावलं, की गरिबीसाठी कुणाकडून जामीन मागत नाहीत, पण तुम्ही राहता पलीकडे, आणि अलीकडे तुमची जमीन एवढीच, जिच्यावर भांडण आहे. ती हिशेबात धरता येत नाही. महिन्याभरात जामीन आणा, नाहीतर दावा काढून टाकावा लागेल.

आता एक गोष्ट सांगायला हवी. दर तारखेला हे दोघे भाऊ कोर्टाच्या आवारात एकमेकांकडे पाठ करून बसत. नेमाण्णा फडक्यात भाकरी आणि वांग्याचं भरीत बांधून आणत आणि अर्धी माझ्या हातात देत. "त्येला दे जा. मी दिलंय म्हनू नगंस." बाळगोंडा खाऊन, फडकं झटकून, घडी घालून परत पाठवी. भावाच्या हातचं भरीत त्याला कळत नसेल, असं मला कधीच वाटलं नाही.

तो महिना सरत आला तशी मालकांची कळी खुलली. "दावा उडाला समजा, अण्णा!"

"मग बाळ्या पुढच्या तारखंला येनार न्हाय?"

"कशाला येईल? तारीखच नसणार."

नेमाण्णा 'जामीन कोन' असं न विचारताच उठून गेले. मला आठवतं तसं पहिल्यांदाच.

तारखेला बाळगोंडा रिकाम्या हातांनी आला. इतकी वर्षं परमुलखात राहिलेल्या माणसाला इकडं कोण जामीन राहणार? साहेबांनी लेखणी उचलली तोच नेमाण्णा उभे राहिले.

"साहेब, त्येला जामीन मी."

कोर्ट हसून लोटपोट. मालकांनी कपाळाला हात लावला. साहेबही हसू दाबत म्हणाले, "अहो, जामीन तुमच्याच खर्चासाठी आहे. उद्या जिंकलात तर स्वतःकडूनच वसूल करणार?"

"व्हय. मी कुटं पळून जातोय?"

"त्यापेक्षा अर्जच मागं घ्या की."

नेमाण्णांनी तिथल्या तिथं अर्ज मागं घेतला. पुढची तारीख पडली. बाहेर आल्यावर या खेपेला फडकं त्यांनी स्वतःच भावापुढं सोडलं. दोघं समोरासमोर बसून जेवले. बाळगोंडा निघाला तेव्हा नेमाण्णांनी विचारलं,

"पुढच्या तारखंला येशील न्हवं? जामीन कोन?"

बाळगोंडानं वाकून डाव्या पायातलं पायताण काढलं, थोरल्या भावापुढं ठेवलं आणि तसाच गावाच्या वाटेला लागला. नेमाण्णांनी ते भाकरीच्या फडक्यात गुंडाळलं नि घरापर्यंत छातीशी धरून आणलं.