साहेबांचं वजन

"सहा आठवडे द्या मला! साहेबांचे तीन किलो उतरवून नाही दाखवले, तर या घरचं नाव लावणार नाही!" असं तिनं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंसमोर छातीठोकपणे सांगितलं. त्यावर नवऱ्याच्या डोळ्यांत जे कौतुक चमकलं, ते बाळाच्या जन्मानंतर तिला पहिल्यांदाच दिसत होतं. त्यातलंही निम्मं कुत्र्यासाठी होतं!

साहेब म्हणजे नवऱ्याचा बारा वर्षांचा कुत्रा. लग्नाआधीपासूनचा, म्हणजे घरात तिच्याहून सीनियर. मागच्या पायांना संधिवात झाल्यापासून तो निवृत्त अधिकाऱ्यासारखा एकेक पाऊल विचार करून टाकायचा, म्हणून साहेब. डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं होतं. रोज त्यांनीच दिलेली गोळी, माणसांची चुकूनही नाही. गुळगुळीत फरशीवर रबरी चटया. दिवसातून दोनदा सावकाश फेरी. गरम पाण्याच्या पिशवीनं शेक, हलक्या हातानं मालिश. आणि वजन कमी, कारण प्रत्येक जादा किलो त्या दुखऱ्या सांध्यांवरच बसतो.

नवऱ्यानं हे इतकं मनावर घेतलं, की तिच्या मनाला लागलं. संध्याकाळी ऑफिसातून आला, की एक बूट पायात तसाच ठेवून साहेबांच्या गादीपाशी मांडी ठोकायचा. "दुखतंय का रे राजा? इथं? का इथं?"

राजा! ती बाळाला कडेवर घेऊन दारात उभी. अकरा महिन्यांचं बाळ दिवसभर उचलून तिच्या कमरेचा पार खुळखुळा झाला होता, पण चौकशी करतंय कोण! साहेबांना सांध्यांची खास गादी आली. तिच्या गादीला मधोमध असा खड्डा होता, की झोपल्यावर मोटारीत बसल्यासारखं वाटे. घरात तिला सगळे 'अगं' म्हणत आणि कुत्र्याला 'अहो साहेब'! पोटचं पोरसुद्धा खाली सोडलं, की रांगत थेट साहेबांच्या शेपटीकडे.

मालिशीची ती पंधरा मिनिटं तिला बघवत नसत. म्हणून ती स्वयंपाकघरात जाई आणि बिस्किटांचा डबा उघडी. एका पायाच्या मालिशीला चार बिस्किटं. दुसऱ्या पायाला आणखी चार. 'राजा' ऐकू आलं की वर दोन.

आता वजनाचं. दवाखान्यातला काटा नेमका बिघडलेला. डॉक्टरीणबाईंनी नजरेनं "सतरा-अठरा असेल" असा अंदाज बांधला आणि घरची युक्ती सांगितली. कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं आणि आलेल्या आकड्यातून आपलं वजन वजा करायचं. उचलायचं काम तिनं आपल्याकडे घेतलं. नवऱ्यानं उचललं असतं, तर खाली ठेवलंच नसतं!

पहिल्या रविवारी काट्यावर आले अठ्ठ्याहत्तर.

"तुझं किती?" नवरा पेन घेऊन तयार.

"चोपन्न."

सासूबाईंना अचानक ठसका लागला.

"अगं, एकदा एकटीनं उभी राहून बघतेस का?" नवरा म्हणाला.

"पेशंट मी आहे की तो? लग्नात चोपन्न होतं. लिही."

फ्रिजवरच्या तक्त्यात चोवीस लागले. फोनवर डॉक्टरीणबाई दचकल्या. "चोवीस? केस दाट आहेत त्याचे, फसले मी! वाटीतलं खाणं कमी करा."

दुसऱ्या रविवारी चोवीस. तिसऱ्या रविवारी चोवीस. वाटी आणखी उतरली. पाचव्या रविवारीही काटा खिळे ठोकल्यासारखा अठ्ठ्याहत्तरवर!

घरात कुणीतरी फितूर होतं, एवढं नक्की. तिनं पहारा बसवला. बाळाच्या खुर्चीखाली बॅटरी मारून शितं शोधली. नवऱ्याचे खिसे हुंगले. सासूबाईंच्या मुठीवर डोळा ठेवला.

"अगं, मी कुत्र्याला चारते असं वाटतं का तुला?" सासूबाई कडाडल्या. "चोर कोण ते मी दाखवते! हा बघ डबा. परवा भरला आणि आज तळ दिसतोय! अहो साहेब, लाज वाटते का?"

साहेबांनी एक कान हलवला. खरं काय ते सांगायला तिनं तोंड उघडलंच असतं, पण तोंडात बिस्कीट होतं!

डबा ओट्याच्या वरच्या फळीवर गेला. दोन दिवसांत तिथंही रिकामा झाला. नवऱ्याला आनंद मावेना. "साहेब ओट्यावर चढतात! या गुडघ्यांनी! गोळ्या लागू पडल्या!" त्यानं तडक डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, उद्या रविवारी घेऊनच या, काटाही दुरुस्त झालाय.

सकाळी निघताना घरी मोजलं, तर चोवीस.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी साहेबांचे पाय हळूच वाकवून पाहिले. "सांधे तर तेवढेच कडक लागतायत. पण ओट्यावर चढत असेल, तर दुखणं बरंच कमी असणार. गोळी निम्मी करून बघू. आणि वाटी आणखी थोडी कमी."

साहेबांनी आपली हनुवटी तिच्या पावलावर टेकवली. दुसरं कुणाचं पाऊल दिसलं नाही मेल्याला! हा बिचारा अर्धपोटी, आता दुखणंही सोसणार, आणि कुणामुळे?

"गोळी कमी करू नका," ती एका दमात म्हणाली. "तो चढत नाही. बिस्किटं मी खाल्ली."

"दोन्ही डबे?" नवरा.

"तीन. एक तुला माहीत नाही."

चला, सुटले, असं तिला वाटलं. पण डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. "मग याचं वजन का उतरत नाही? बरगड्या तर हाताला लागतायत." त्यांनी साहेबांना काट्यावर चढवलं.

चौदा.

"घरी किती आलं म्हणता?"

"चोवीस," नवरा म्हणाला. "हिच्या हातात देऊन. हिचे चोपन्न वजा करून."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी मांडलं, तिच्याकडे पाहिलं आणि मोठ्या सभ्यपणानं कागदाची घडी घातली. पण मधले दहा किलो दवाखान्यात सगळ्यांसमोर उभे होते!

"म्हणजे, साहेबांनी जेवढं उतरवलं, तेवढंच..." नवऱ्याचा हिशेब जुळत आला.

"वाक्य पुरं केलंस, तर घरी चालत येशील!"

"आता याचं एक ग्रॅमही कमी करायचं नाही. वाटी वाढवा, गोळी आहे तीच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग आवाज उतरवून, "बाळ केवढं तुमचं? अकरा महिन्यांचं? आणि ह्यालाही दर रविवारी उचलत होता? कंबर दुखते का हो?"

सहा आठवडे जो प्रश्न ती कान टवकारून ऐकायला उभी होती, तो असा आला! तिचे डोळे भरले. "सकाळी उठताना ताठते."

"अगं, मग सांगायचं नाही का?" नवरा.

"कधी सांगू? तुझे हात रिकामे कुठं असतात?"

नवऱ्यानं आपल्या हातांकडे पाहिलं. एक हात साहेबांच्या पाठीवर होता. तो त्यानं काढून घेतला.

"मी जनावरांची डॉक्टर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कंबर तुमच्या डॉक्टरांना दाखवा. पण शेक द्यायला आणि हलक्या हातानं मालिश करायला काही हरकत नसावी."

त्या संध्याकाळी नवरा गरम पाण्याची पिशवी घेऊन बाहेर आला, साहेबांच्या गादीपाशी क्षणभर थबकला आणि पुढं आला. "दुखतंय का गं? इथं? का इथं?" तिनं डोळे मिटले. हात खरंच हलका होता मेल्याचा! "शाब्बास राजा, हलू नकोस," तो सवयीनं म्हणाला. तिनं ते पोटात घातलं. एक डोळा उघडून पाहिलं, तर साहेब गादीवरून टक लावून बघत होते. दारात बाळाला घेऊन उभं राहिल्यावर आपलं तोंड कसं दिसत असेल, ते तिला तेव्हा कळलं.

पुढच्या रविवारी तक्त्यावर नवा रकाना आला होता. वर नवऱ्याच्या अक्षरात लिहिलं होतं, 'बाईसाहेब'. तिला गुदगुल्या झाल्या.

"चल, एकटीनं उभी राहा," नवरा पेन घेऊन म्हणाला.

तिनं शेपटीच्या दिशेनं निघालेलं बाळ झटकन उचललं. "हा मला सोडतोय कुठं? दोघं उभे राहतो, ह्याचं वजा कर."

"ह्याचं किती?"

"चौदा," ती ठामपणे म्हणाली.

सासूबाईंना पुन्हा ठसका लागला!