भालूकाकांची घाटातली टेस्ट

"जीभ दाखव!"

भालूकाका हे माझ्या गाडीला म्हणाले, मला नाही. बॉनेट उघडून त्यांनी स्पार्क प्लग काढलासुद्धा होता आणि फडक्यात धरून तो उन्हात असा निरखत होते, की मलाच घाम फुटला.

"पांढरीफटक! उपाशी ठेवलीत हो बाई तुम्ही हिला!"

भालूकाका पस्तीस वर्षं एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. रिटायर झाल्यावर माणसं सुटली आणि गाड्या सापडल्या. नव्वदच्या दशकात आमच्या गंगापूर रोडच्या कॉलनीत कुणाचं इंजिन खोकलं, की हे पत्र्याचा डबा घेऊन हजर! डब्यात पाने, स्क्रू ड्रायव्हर आणि दवाखान्यातला काचेचा ड्रॉपर. फी नाही, पण बोलणी खावी लागायची.

मी तर मुकाट्यानं खाल्ली, कारण गुन्हा माझाच होता. सिन्नरला ऑफिसला रोज गाडी न्यायची म्हणून मी गॅरेजवाल्याला सांगितलं होतं, "अ‍ॅव्हरेज वाढवून दे." त्यानं दिलं. महिनाभर मी ऑफिसात मिरवून घेतलं. मग बाईसाहेब सिग्नलला बंद पडायला लागल्या, चढावर आचके द्यायला लागल्या, कार्ब्युरेटरमधून फटाके फोडायला लागल्या.

"पेट्रोल कमी अन् हवा जास्त!" काका कडाडले. "पानावर बसवायचं आणि वरून नुसता पंखा लावायचा! चालू करा. आता चोक अर्धा ओढा."

मी ओढला. चोक ओढला की हवा कमी होते आणि पेट्रोलचा वाटा वाढतो. धडपडणारं इंजिन एकदम शहाण्यासारखं चालू लागलं.

"बघा, बघा! दोन घास मिळाले, लगेच रडं थांबलं! रोग सापडला!" सत्तरीचा माणूस अक्षरशः उडी मारून हसला. गॅरेजवाल्यानं बसवलेला, पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा जेट काढून त्यांनी मूळ मापाचा बसवला. मग कान देऊन स्क्रू फिरवत राहिले. "अर्धा चमचा... अजून अर्धा... बास! आता घाटात टेस्ट."

घाट म्हणजे पेठचाच. त्र्यंबक रोडचा चढ चालत नसे. "तो काय चढ आहे?" असं म्हणून ते नाक मुरडायचे.

का चालत नसे, ते अख्ख्या कॉलनीला ठाऊक होतं. काकांची एकुलती एक लेक रेखा पेठला होती. तिथल्याच देवराम नावाच्या मास्तरांशी तिनं न विचारता लग्न केलं, त्याला सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. काकू आधीच गेलेल्या, त्यामुळे मध्ये पडणारंही कुणी नाही.

घाट चढला तरी टेस्ट संपायची नाही. थेट पेठमध्ये, रेखाच्या घरापासून पन्नास पावलांवर गाडी थांबवायची. "इंजिन गार होऊ दे," म्हणत काका त्या दाराकडे बघत बसायचे. दार वाजलं की डॅशबोर्डखाली वाकायचे. मांडीवर पेढ्यांचा खोका. परत फिरलं, की घाटाच्या तोंडाशी तो खोका गाडीवाल्यापुढे धरायचे. "घ्या, तुमची गाडी पास झाली." अशा रीतीनं रेखाचे पेढे कॉलनीतल्या सगळ्या गाडीवाल्यांनी खाल्ले. मी तर तीनदा! गाडी ठणठणीत असतानाही टेस्टला नाही म्हणवायचं नाही.

चौथ्या खेपेला मी म्हटलंच, "काका, जाऊन देऊन या ना."

"आपण गाडीसाठी आलोय."

तेवढ्यात मागून देवरामची जीप आली. सरकारी लिलावात घेतलेली, पेट्रोलची. आचके देत, फट्फट् करत ती दारापाशी थांबली. काकांचे कान उभे राहिले.

"उपाशी आहे ती," ते पुटपुटले.

"मग? तशीच सोडणार?"

"तुम्ही गप्प बसा हो!"

पुन्हा 'फट्' झालं, आणि काका डबा घेऊन धावत सुटले. मी खोका उचलून मागोमाग.

देवराम उतरत होता, तो जागच्या जागी थिजला. "बाबा?"

"इंजिन बंद करू नको!" सहा वर्षांनी जावयाशी पहिलं वाक्य हे! काकांनी ड्रॉपरमध्ये ऑइल ओढलं आणि कार्ब्युरेटरच्या बुडाशी, सांध्यावर एकेक थेंब सोडत गेले. एका जागी थेंब आत ओढला गेला आणि इंजिन क्षणभर सुतासारखं सरळ चाललं.

"सापडलं! इथून फुकटची हवा खातेय! सांध्यातलं पॅकिंग फाटलंय. आता बंद कर. पुठ्ठा आण, तोच कापून बसवतो!"

"पुठ्ठा? रेखा, पुठ्ठा हाय का गं?"

रेखा केव्हाची दारात उभी होती. ती हललीच नाही. काकांनी तिच्याकडे न बघता माझ्या हातातला खोका घेतला, झाकण टरकन फाडलं आणि उरलेला खोका तिच्यापुढे धरला.

"धर. झाकण नाही. मुंग्या लागतील, लवकर संपव."

रेखानं दोन्ही हातांनी तो घेतला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि खरं सांगते, माझ्याही.

दहा मिनिटांचं काम. काकांनी तासभर बॉनेटमधून डोकं बाहेर काढलं नाही.

"बाबा, जेवून जा," रेखा म्हणाली.

"हं," बॉनेटमधून आवाज आला. मग खाकरून, "हा पुठ्ठा चार दिवस टिकेल. रविवारी जीप घेऊन घरी या. खरं पॅकिंग बसवतो. दोघंही या."

नागलीची भाकरी आणि भुजं, म्हणजे उडदाचं घट्ट कालवण. काका चार भाकऱ्या जेवले.

परतताना घाटाच्या तोंडाशी मी सवयीनं गाडी थांबवली आणि हात पुढे केला.

"काय?"

"पेढा."

"आज तुमची गाडी टेस्टला नव्हती," काका म्हणाले, आणि घाट उतरेपर्यंत चष्मा पुसत राहिले.