पळीवरची नावे

कडावच्या ग्रामस्थ मंडळाची भांडी लग्नांना जात आणि परत येत नसत. म्हणून प्रत्येक भांड्यावर नाव कोरण्याचा ठराव झाला. प्रायोगिक तत्त्वावर वरण वाढायची मोठी पळी निवडण्यात आली.

काम कर्जतच्या केयूरकडे आले. केयूर भौतिकशास्त्राचा पदवीधर. घराच्या गॅलरीत धातूवर कोरण्याचे त्याचे छोटे मिलिंग मशीन होते, आणि त्याच्या वडिलांची, म्हणजे अण्णांची, अट होती : "पहिलं काम जमलं तर मशीन राहील. नाहीतर मशीन भंगारात आणि तू मोहोपाड्याच्या कारखान्यात."

पळी खोलगट, त्यात पोचे आलेली. मशीनला घट्ट बसवलेली सुई पहिल्याच पोच्यावर मोडली. मग केयूरने पितळी नळीत बॉलपेनची स्प्रिंग घातली आणि तिच्यापुढे नवी सुई बसवली. आता उंचवटा आला की सुई मागे सरे, खड्डा आला की पुढे येई.

"म्हंजे कुठंबी कोरता येईल?" मंडळाचे अध्यक्ष आबाजी यांनी विचारले.

"कुठेही, काका."

उत्तर शास्त्रीयदृष्ट्या अचूक होते. तेवढेच ते घातक होते.

दांड्यावर मंडळाचे नाव आले. मग अध्यक्षांचे, उपाध्यक्षांचे, खजिनदारांचे. महिला मंडळाच्या सुंदराबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "वरण आमी शिजवायचं आन् नाव आबाजीचं? घाल रं माझं!" दांडा संपला, महिला मंडळ पळीच्या वाटीत उतरले. माजी सरपंचांचे नाव पुसट दिसते अशी तक्रार आली, म्हणून ते दोनदा गिरवण्यात आले. साहजिकच विद्यमान सरपंचांचे चारदा.

"काका, पत्रा पातळ होतोय."

"गाव मोठं हाय रं. तुझी स्प्रिंग घेईल सांभाळून."

गावजेवणाला सुंदराबाईंनी पळी टोपात बुडवून वर काढली. सगळे वरण नावानावांतून गळून गेले. पंगत कोरडा भात पुढ्यात घेऊन बसली. केयूरबरोबर आलेल्या अण्णांनी त्याच्याकडे पाहिले. केयूरला मोहोपाडा दिसू लागला.

आबाजींनी पळी उन्हात धरली, दांड्यावरच्याही आरपार गेलेल्या अक्षरांतून ऊन खाली पडले आणि ते ओरडले, "अरं, माझं नाव भातावर पडलंय!"

पंगत उठली. आपापल्या भातावर आपापले नाव पाडून घ्यायला रांग लागली. सुंदराबाईंनी तर दोनदा पाडून घेतले. जागीच सभा भरली, पळीची नोंद झारा म्हणून करण्यात आली आणि उरलेल्या सर्व भांड्यांचे काम केयूरला मिळाले. मशीन वाचले.

लग्नसराई संपली तेव्हा तो झारा तेवढा परत आला. बाकीची भांडी नावांसकट गेली. अहवालात मात्र प्रयोग यशस्वी ठरला असून, दरवर्षी नवी भांडी घेऊन ती केयूरकडूनच कोरून घ्यावीत, अशी शिफारस आहे.

हसलात ना? आता उठा, आपल्या मांडणीवरची पातेली उलटी करा. एखाद्यावर नाव असेलच, आणि ते तुमचे नसेल.