बुधाजींची बिनगाडीची दुपार

“बडनेऱ्यात जन्म गेला माहा! कोणती गाडी कवा येते ते मले विचारा, रेल्वेले नका विचारू!” असं छाती ठोकून सांगत बुधाजींनी मुलगी पाहायला येणाऱ्या मंडळींना रविवारची दुपार दिली. त्या वेळात म्हणे एकही गाडी नव्हती!

करतात काय बिचारे! घर रुळाला लागून. गाडी आली की भांडी नाचायची. मागची दोन स्थळं पोहे अर्धे टाकून पळाली होती. त्यात ज्योत्स्नानं बजावलेलं, “बाबा, जिथं गाडी ऐकू येत नाही तिथंच मले द्या!” हे तिसरं स्थळ काही झालं तरी हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. म्हणून बुधाजींनी भांड्यांमध्ये टॉवेल खुपसले, कपाटाच्या पायांखाली पुठ्ठे सारले.

मंडळी आली. धर्मेंद्रराव आणि संध्याबाई बार्शीटाकळीचे. मुलगा प्रीतम धामणगावला बँकेत.

“पोरगा राहते तो एरिया एकदम शांत,” धर्मेंद्रराव म्हणाले. “पाखराचाबी आवाज नाही!”

ज्योत्स्नाचा चेहरा खुलला.

“भांड्यायमधी टावेल काहून हो?” संध्याबाईंनी विचारलं.

“आजकालची फॅशन आहे!” बुधाजींच्या बायकोनं, इंदूबाईंनी ठोकून दिलं.

तेवढ्यात बुधाजींची नजर पाहुण्यांच्या ग्लासांवर गेली. पाणी थरथरत होतं! मालगाडी! तिला मेलीला कुठलं आलंय टाइमटेबल!

“लय तहान लागली बापा!” म्हणत त्यांनी धर्मेंद्ररावांच्या हातातला ग्लास ओढला आणि घटाघटा रिकामा केला. मग संध्याबाईंचा. प्रीतमचा तोंडाला लावतात तोच घर हाललं!

सवय ती सवय! इंदूबाईंनी धावत जाऊन मांडणीला पाठ लावली, ज्योत्स्नानं कपाट धरलं. “भूकंप! भूकंप!” ओरडत धर्मेंद्रराव बायकोला घेऊन अंगणात! खिळ्यावरचं घड्याळ सुटलं, आणि प्रीतमनं एका हातात पोह्यांची बशी तशीच ठेवून, मान वर न करता, दुसऱ्या हातानं ते अलगद झेललं!

गाडी गेली. सगळे त्याच्याकडे बघतच राहिले.

“कसं जमलं हो तुमाले?” ज्योत्स्नानं विचारलं.

दारातून धर्मेंद्रराव डोळ्यांनी खुणावत होते, पण उशीर झाला होता. “धामणगावले माही खोली रुळालेच लागून आहे,” प्रीतम ओशाळून म्हणाला. “रोजच धरा लागते.”

“पाखराचा आवाज नाही म्हने!” इंदूबाई फणकारल्या.

“खरंच आहे ना!” धर्मेंद्रराव पुटपुटले. “गाड्यायपुढं पाखरू कुठून ऐकू येईन?”

आता सारा फैसला ज्योत्स्नाच्या हातात! बुधाजींचा जीव टांगणीला लागला.

“झोप येते तिथं?” तिनं विचारलं.

“तिथं येते. गावी गेलो का नाही येत!”

“मलेबी मामाच्या घरी नाही येत!” ज्योत्स्ना खळखळून हसली, आणि स्थळ जमलं!

“पाहा! दुपारच निवडली होती तशी!” बुधाजींनी मिशीवर हात फिरवला.

“बसा आता खाली!” इंदूबाई कडाडल्या. “पाव्हन्यायचं पानी तर सारं पेऊन टाकलं, चहा तरी त्याइले पेऊ द्या!”